दप्तरी दाखल

१२ जुलै १९६४. त्या रविवारी मिसिसिपी नदीच्या काठी दोन घटना घडल्या. मिसिसिपी आणि लुइझियाना या राज्यांच्या सीमेवर, नदीच्या एका जुन्या पात्रात, मासेमारीला गेलेल्या माणसाला एका देहाचा खालचा भाग तरंगताना दिसला. तो देह चार्ल्स मूर या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याचा होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याच वयाचा मित्र हेन्री डी याचेही अवशेष मिळाले. दोघे २ मेपासून घरी परतले नव्हते. त्याच १२ जुलैला, त्याच नदीच्या काठाने बरेच खाली, व्हिडेलिया गावातल्या शॅमरॉक मोटेलमध्ये हमालाचे काम करणारा जोसेफ एडवर्ड्स हा २५ वर्षांचा तरुण नाहीसा झाला. त्याची पांढऱ्या-हिरव्या रंगाची ब्यूक मोटार हमरस्त्याच्या कडेला बेवारस सापडली. तो सापडला नाही. हे तिघेही कृष्णवर्णीय होते आणि दोन्ही प्रकरणांत संशयाची सुई कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांकडे वळत होती. मूर आणि डी यांच्या एका मारेकऱ्याला ४३ वर्षांनी शिक्षा झाली. एडवर्ड्सच्या बाबतीत आजवर कोणावरही आरोपपत्र नाही. एका प्रकरणात इतक्या उशिरा का होईना न्याय कसा पोहोचला, दुसऱ्यात तो का पोहोचला नाही, आणि इतकी वर्षे उलटल्यावर घरच्यांनी व पत्रकारांनी ही प्रकरणे पुन्हा उघडायला लावण्यात काय अर्थ आहे, या प्रश्नांचा विचार या प्रस्तावनेत करायचा आहे.

आपल्या भाषेत माणूस ‘बेपत्ता होतो’. पोलीस ठाण्याच्या नोंदीत आणि वर्तमानपत्राच्या चौकटीतही हेच क्रियापद असते. ते अकर्मक आहे. जणू हरवणे ही त्या माणसाचीच कृती, त्यात दुसऱ्या कोणाचा हात नाही. जुन्या तपासांसाठी ‘कोल्ड केस’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, त्यातही हीच सोय आहे. तवा आचेवरून उतरवला की थंड होतो, तसे प्रकरणही काळाने आपोआप थंड झाले, असा त्याचा भाव. मात्र आपल्या कचेऱ्यांच्या मराठीत याहून खरा शब्दप्रयोग पूर्वीपासून आहे: ‘दप्तरी दाखल करणे’. यात कर्ता आहे, टेबल आहे, शेरा आहे, सही आहे. कागद आपल्या पायांनी दप्तरात जात नाही, कोणीतरी तो तिथे ठेवतो. अमेरिकेच्या दक्षिणेतील ही प्रकरणे बारकाईने पाहिली की एकच निष्कर्ष निघतो, आणि या प्रस्तावनेचे प्रतिपादनही तेच आहे. ही प्रकरणे काळामुळे थंड झालेली नाहीत, त्या त्या वेळी निर्णय घेऊन ती दप्तरी दाखल केली गेली. म्हणून अनेक दशकांनंतर मागितला जाणारा न्याय हा केवळ एका म्हाताऱ्या आरोपीच्या शिक्षेचा प्रश्न राहत नाही. तो शासनाकडे मागितलेला हिशेब ठरतो.

मूर आणि डी यांचेच प्रकरण घेऊ. मिसिसिपीतल्या मीडव्हिल गावाजवळ हे दोघे रस्त्यावर वाहनाची वाट पाहत असताना क्लॅनच्या माणसांनी त्यांना उचलले, होमोचिटोच्या सरकारी जंगलात झाडाला बांधून झोडपले आणि नंतर मोटारीच्या डिकीत घालून राज्याची हद्द ओलांडून नेले. जीपच्या इंजिनाचे आणि रुळांचे वजन बांधून दोघांना नदीत सोडले तेव्हा ते जिवंत होते. हे सगळे ४० वर्षांनी उजेडात आले असे नाही. एफबीआयला यातला मोठा भाग १९६४ मध्येच खबऱ्याकडून कळला होता. नोव्हेंबरमध्ये जेम्स फोर्ड सील आणि चार्ल्स एडवर्ड्स या दोघांना अटक झाली. यातला चार्ल्स एडवर्ड्स क्लॅनचा सदस्य, वर उल्लेखिलेल्या जोसेफशी त्याचा केवळ आडनावापुरता संबंध. मुलांना पकडून मारहाण केल्याचे त्याने जबाबात मान्य केले होते. गुन्हा तुम्हीच केला हे आम्हाला ठाऊक आहे, असे अधिकाऱ्याने सुनावल्यावर सीलने ‘हो, पण मी कबूल करणार नाही, तुम्हाला ते सिद्ध करावे लागेल’ अशा आशयाचे उत्तर दिल्याची नोंद आहे. तरीही जानेवारी १९६५ मध्ये स्थानिक सरकारी वकिलाने आरोप मागे घेतले. अटक झाली होती, जबाब होता, मृतदेह होते. उणीव होती ती खटला चालवण्याच्या इच्छेची. या फाइलवर धूळ साचायला काळाची गरज पडली नाही, दोन महिने पुरले.

हे एका जिल्ह्यातल्या एका वकिलाचे दौर्बल्य होते, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मेडगर एव्हर्स यांच्या प्रकरणात मिळते. नागरी हक्क चळवळीच्या या नेत्याला १२ जून १९६३ रोजी जॅक्सन शहरात त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. बायरन डी ला बेकविथवर १९६४ मध्ये दोनदा खटला चालला आणि दोन्ही वेळा केवळ गोऱ्यांच्या ज्युरीचे एकमत झाले नाही. २५ वर्षांनी, १९८९ मध्ये, ‘क्लॅरियन-लेजर’ या दैनिकाचे वार्ताहर जेरी मिचेल यांना ‘सॉव्हरेन्टी कमिशन’चे काही गोपनीय कागद मिळाले. वर्णभेदाची व्यवस्था टिकवण्यासाठी मिसिसिपी राज्याने १९५६ मध्ये स्थापन केलेले हे सरकारी मंडळ. एकीकडे राज्य बेकविथवर खटला चालवत होते आणि दुसरीकडे त्याच राज्याचे हे मंडळ संभाव्य ज्युरींची माहिती काढून बेकविथच्या वकिलांना पुरवत होते, हे त्या कागदांवरून उघड झाले. १९७७ मध्ये मंडळ बरखास्त करताना विधिमंडळाने त्याचे दप्तर ५० वर्षांसाठी मोहोरबंद केले होते. कायद्याच्या हिशेबाने ते २०२७ मध्ये उघडायचे होते. न्यायालयाच्या आदेशाने ते १९९८ मध्ये खुले झाले. ज्या कागदाला कुलूप लावण्यासाठी कायदा करावा लागतो, तो कागद काळाच्या ओघात हरवला असे कसे म्हणावे?

असे दप्तर पुन्हा उघडण्याच्या कामात घरच्या माणसांचा वाटा कोणता असतो, याविषयी एक गैरसमज आहे. त्यांच्याकडे दुःख असते आणि पुरावा इतरांनी शोधायचा असतो, असे मानले जाते. वस्तुस्थिती बरेचदा याच्या उलट असते. बेकविथवर नव्याने खटला भरायचे ठरले तेव्हा पहिल्या खटल्याची कामकाजाची प्रत न्यायालयाच्या दप्तरात सापडेना. ती मिळाली मर्ली एव्हर्स यांच्याकडे. मेडगर यांच्या या पत्नीने ती इतकी वर्षे जपून ठेवली होती. तिच्याशिवाय १९९४ मधली जन्मठेप अवघड होती. म्हणजे सरकारी अभिलेखागाराचे काम एका विधवेने घरातल्या खणात केले. मूर-डी प्रकरणात हेच काम चार्ल्स मूरचा थोरला भाऊ थॉमस मूर यांनी केले. ३० वर्षे सैन्यात नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस २००५ च्या उन्हाळ्यात कॅनडाचे माहितीपटकार डेव्हिड रिजन यांच्यासोबत आपल्या जिल्ह्यात परतला. सील वारला, असे तोपर्यंत काही वृत्तपत्रांनी छापले होते. पेट्रोल पंपावर भेटलेल्या एका ओळखीच्या माणसाने मात्र सांगितले की तो जिवंत आहे आणि इथून जवळच राहतो. सरकारची अवाढव्य यंत्रणा जे शोधत नव्हती, ते पेट्रोल पंपावरच्या एका प्रश्नात सापडले. जानेवारी २००७ मध्ये सीलवर अपहरणाचा आरोप ठेवला गेला, १४ जूनला ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि ऑगस्टमध्ये त्याला तीन जन्मठेपा झाल्या.

पत्रकाराचे काम याहून वेगळे आहे. नातेवाइकाला एका माणसाचे काय झाले ते हवे असते. पत्रकार त्या माणसाभोवतीच्या मौनाचा नकाशा काढतो. लुइझियानातल्या फेरिडे गावच्या ‘कॉन्कॉर्डिया सेंटिनेल’ या छोट्या साप्ताहिकाचे संपादक स्टॅन्ली नेल्सन यांनी २००७ मध्ये एफबीआयच्या यादीत फ्रँक मॉरिस हे नाव वाचले. मॉरिस यांचे फेरिडेमध्येच बूटदुरुस्तीचे दुकान होते. डिसेंबर १९६४ मध्ये ते दुकान पेटवून दिले गेले आणि भाजलेले मॉरिस चार दिवसांनी वारले. त्या भागात वर्षानुवर्षे पत्रकारिता करूनही नेल्सन यांनी हे नाव ऐकले नव्हते. इतक्या लहान गावातली इतकी भीषण घटना गावच्या संपादकालाही माहीत नसावी, हीच मोठी बातमी होती. पुढे त्यांनी या आणि अशा प्रकरणांवर दीडशेहून अधिक वृत्तलेख लिहिले. क्लॅनच्याच आतला, जन्मसालाचे चांदीचे डॉलर नाणे खूण म्हणून जवळ बाळगणारा ‘सिल्व्हर डॉलर ग्रुप’ हा गट आणि शेरीफच्या कार्यालयातली काही माणसे यांच्यातले धागे त्यांनी जुळवले. जोसेफ एडवर्ड्सचे नाव विस्मरणातून बाहेर आले ते याच लेखनामुळे. २०११ मध्ये पुलित्झर पुरस्काराच्या अंतिम यादीत या साप्ताहिकाचे नाव होते.

काळ पुरावा खातो, हे खरे आहे. तोच काळ कधी कधी पुरावा आणूनही देतो, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. साक्षीदाराचे तोंड भीतीने बंद असते आणि भीतीलाही वय असते. धमकावणारा मरतो, घटस्फोट झालेली पत्नी बोलू लागते, टोळीतून बाहेर पडलेल्या माणसाला मृत्यूच्या उंबरठ्यावर आपले ओझे उतरवावेसे वाटते. कागदही कधी कधी उशिराच बोलतात. बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटात चार मुली ठार झाल्या. त्यातला संशयित बॉबी फ्रँक चेरी सांगत असे की आदल्या रात्री मी घरी दूरचित्रवाणीवर कुस्त्या पाहत होतो. मिचेल यांच्या दैनिकाने त्या काळातल्या वर्तमानपत्रांतले कार्यक्रमपत्रक काढून पाहिले. त्या रात्री कुस्त्यांचा कार्यक्रमच नव्हता. चेरी २००२ मध्ये दोषी ठरला. ज्या नोंदीकडे १९६३ मध्ये कोणी ढुंकून पाहिले नाही, ती ३६ वर्षांनंतरही वाचनालयात जागच्या जागी होती. पुरावा नाहीसा झालेला नव्हता, तो मागितलाच गेला नव्हता.

जिथे मृतदेहच नाही, तिथला प्रश्न याहून कठीण आहे. खुनानंतर निदान पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, मृत्यूची नोंद होते. माणूस गायब केला की यातले काहीच होत नाही. गुन्हा कागदावर जन्मालाच येत नाही आणि जो जन्मला नाही तो सहज नाकारता येतो. जोसेफ एडवर्ड्सच्या बाबतीत नेमके हेच झाले. सात वर्षे ज्याची खबर नाही तो मृत मानावा, असे आपला पुराव्याचा कायदा सांगतो. त्याने वारसाहक्काचा आणि पुनर्विवाहाचा प्रश्न सुटतो, पण माणूस कसा मेला आणि कोणी मारला याचे उत्तर मिळत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याने या कोंडीचा गंभीर विचार केला आहे. सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या करारानुसार, माणसाचे काय झाले हे जोवर कळत नाही तोवर हा गुन्हा चालूच असतो आणि त्याची कालमर्यादा तो संपल्यावर सुरू होते. चिलीच्या न्यायालयांनी हुकूमशहा पिनोशेच्या काळातील गायब माणसांबाबत याच धर्तीचा तर्क लावला: देह सापडत नाही तोवर अपहरण सुरूच आहे, म्हणून १९७८ च्या माफीचे कवच त्याला लागू होत नाही. हा तर्क वकिली कसरत वाटण्याचा संभव आहे. मात्र ज्या घरात परत न आलेल्या माणसाची वाट पाहिली जाते, त्या घराचा रोजचा अनुभव हाच असतो. त्यांच्या लेखी ही घटना १९६४ मध्ये घडून गेलेली नसते, आज सकाळीही ती घडत असते.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप करुणेच्या भाषेत येतो. आरोपी सत्तरी-ऐंशीतला, आजारी, कधी चाकाच्या खुर्चीत बसलेला. त्याला तुरुंगात टाकून काय साधणार, क्षमा करावी आणि पुढे जावे. क्षमा मोठी आहे यात वाद नाही. पण क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा आहे, आणि ज्याने अपराध मान्य केलेला नाही त्याला क्षमा द्यायची तरी कशाची? सीलच्या खटल्यात याचे उदाहरण घडले. माफीचा साक्षीदार झालेल्या चार्ल्स एडवर्ड्सने भर न्यायालयात दोन्ही कुटुंबांकडे वळून क्षमा मागितली. ४३ वर्षे तो त्याच परिसरात राहत होता, त्याला हे कधीही करता आले असते. खटला उभा राहिला, शपथेवर सत्य सांगावे लागले, तेव्हाच क्षमेला जागा निर्माण झाली. खटला क्षमेच्या आड येतो, असे म्हणणाऱ्यांनी ही घटना नीट पाहावी. आणि वयाचा मुद्दा काढायचाच तर १९ वर्षांच्या दोन मुलांना ज्यांनी म्हातारे होऊ दिले नाही, त्यांच्या म्हातारपणाची सबब किती ऐकायची, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. उशिरा भरलेला खटला आरोपीवरही अन्याय करू शकतो. त्याचे साक्षीदार मेलेले असतात, आठवणी पुसट झालेल्या असतात, बचावाचे कागद सापडत नाहीत. कालमर्यादेचा कायदा याच काळजीपोटी आला. सीलचे अपील याच मुद्द्यावर लढले गेले. १९६४ मध्ये त्या प्रकारच्या अपहरणाला मृत्युदंडाची तरतूद होती, म्हणून कालमर्यादा नव्हती. ती तरतूद पुढे रद्द झाली, तेव्हा पाच वर्षांची मर्यादा मागील गुन्ह्यालाही लागू होते का, हा वाद होता. अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी २००८ मध्ये शिक्षा रद्द ठरवली. पूर्ण पीठापुढे २००९ मध्ये नऊ विरुद्ध नऊ अशी समसमान विभागणी झाली आणि त्यामुळे खालच्या न्यायालयाचा निर्णय टिकला. इतक्या काठावर तोललेला प्रश्न सोपा होता, असे कोणीही म्हणू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की कालमर्यादेच्या तत्त्वामागे एक गृहीत असते: फिर्यादीने आळस केला. इथे फिर्यादी म्हणजे शासन आणि त्याने केला तो आळस नव्हता, ती संगनमताच्या जवळ जाणारी निष्क्रियता होती. शिवाय आरोपीच्या बचावाची खरी हमी पुराव्याच्या कसोटीत असते. पुरावा दुबळा असेल तर ज्युरीने त्याला सोडावे. पुरावा पाहायचाच नाही, हे आरोपीचे रक्षण ठरत नाही.

तिसरा आक्षेप पत्रकारांविषयी आहे: ते न्यायाधीश होऊन बसतात. ही भीती अनाठायी नाही. सील मेल्याची चुकीची बातमी वृत्तपत्रांनीच दिली होती. मॉरिस प्रकरणात नेल्सन यांनी एका हयात माणसाचे नाव, त्याच्या नातलगांच्या सांगण्याच्या आधारे, छापले. त्या माणसाने आरोप नाकारला. ग्रँड ज्युरीपुढे प्रकरण गेले, आरोपपत्र निघाले नाही आणि पुढे तो माणूस वारला. त्याचा दोष सिद्ध झाला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, आणि त्याचे नाव इथे न देण्याचे कारणही तेच आहे. पण या उदाहरणातून निघणारा धडा पत्रकारांनी गप्प बसावे असा नाही. चांगला पत्रकार आपला आधार उघड करतो, समोरच्याचा नकार छापतो, आणि कागद सरकारी वकिलाच्या टेबलावर नेऊन ठेवतो. तिथून पुढे त्याचे हात पोहोचत नाहीत. त्याला समन्स काढता येत नाही, झडती घेता येत नाही, शपथेवर जबाब घेता येत नाही. बातमीतच निवाडा झाल्यासारखे वाटते, याचे कारण पुष्कळदा निवाडा करणारे ठिकाण बंद असते. दार उघडे ठेवा, बातमी आपोआप आपल्या जागी राहील.

चौथा आक्षेप हिशेबी आहे. एवढ्या खटाटोपातून निष्पन्न काय? अमेरिकी काँग्रेसने २००८ मध्ये वंशद्वेषातून मारल्या गेलेल्या एमेट टिल यांच्या नावाने कायदा करून नागरी हक्क काळातील न उलगडलेल्या खुनांचा फेरतपास बंधनकारक केला. शंभरावर प्रकरणे तपासली गेली, त्यातली बहुतेक खटल्याविना बंद झाली. आरोपी मेलेले, साक्षीदार मेलेले. हाच पैसा आजच्या गुन्ह्यांवर खर्च करावा, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा या आकड्यांनी बळकट होतो. पण मग यश कशाने मोजायचे? तुरुंगात गेलेल्या म्हाताऱ्यांच्या संख्येने मोजले तर हा उपक्रम फसला. दप्तरातून बाहेर आलेल्या सत्याने मोजले तर तसे म्हणता येणार नाही. फाइल बंद करताना न्यायखात्याने कुटुंबांना पत्रे लिहिली, काय कळले आणि कुठे थांबावे लागले ते सांगितले. अनेक घरांना शासनाकडून त्या मृत्यूविषयी इतके सविस्तर काही पहिल्यांदाच ऐकायला मिळाले. २०१८ मध्ये काँग्रेसने या प्रकरणांचे सरकारी कागद गोळा करून ते जनतेसाठी खुले करण्याचा कायदा संमत केला. त्या कायद्याच्या मागे माध्यमिक शाळेतल्या विद्यार्थ्यांचा पाठपुरावा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांचे आजोबाही त्या काळात मुले असतील, त्या पिढीला हे कागद वाचावेसे वाटले. जुन्या जखमा उकरू नका, असे सांगणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

तरीही कुटुंब आणि पत्रकार यांच्या जिद्दीचे कौतुक करून थांबणे धोक्याचे आहे. त्या कौतुकाआड एक विषमता लपते. मूर आणि डी यांच्या देहांकडे देशाचे लक्ष गेले, कारण त्या उन्हाळ्यात नेशोबा जिल्ह्यातून बेपत्ता झालेल्या तीन कार्यकर्त्यांचा देशभर गाजलेला शोध चालू होता आणि त्या तिघांत दोन गोरे होते. त्या शोधात नौदलाचे खलाशी दलदलीत उतरवले गेले. नदीतले देह त्या तिघांचे नाहीत हे कळताच देशाचे लक्ष ओसरले. पुढे न्याय मिळाला तो थॉमस मूर यांच्यासारखा चिवट भाऊ होता आणि त्याला एक माहितीपटकार भेटला म्हणून. ज्यांना असा भाऊ नाही, ज्यांच्या गावात असे साप्ताहिक नाही, ज्यांच्या आईने कागद जपले नाहीत किंवा तिला वाचता येत नव्हते, त्यांचे काय? न्याय हा नातेवाइकांच्या चिकाटीचे बक्षीस होऊन बसला तर तो हक्क राहत नाही, त्याची सोडत होते. म्हणून या प्रकरणांतून ‘एका माणसाने व्यवस्थेला नमवले’ अशी स्फूर्तिकथा काढून घरी जाऊ नये. व्यवस्थेने आपले काम केले असते तर या माणसांना आयुष्याची उरलेली वर्षे या कामी घालवावी लागली नसती.

मराठी वाचकाने हे का वाचावे, याचे एक कारण आपल्याच परंपरेत आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. तिथल्या काळ्या माणसाचे दुःख आपल्या प्रश्नाशी जोडून पाहण्याची दृष्टी आपल्याला दीडशे वर्षांपूर्वीच मिळाली आहे. दुसरे कारण आपल्या अंगणातले आहे. आणीबाणीत १ मार्च १९७६ रोजी कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पोलिसांनी नेलेल्या राजनचा देह कधीच मिळाला नाही. त्याचे वडील टी. व्ही. ईच्चर वारियर यांनी १९७७ मध्ये केलेल्या हेबियस कॉर्पस अर्जामुळे केरळच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. पंजाबात जसवंतसिंग खालडा यांनी स्मशानांतल्या नोंदवह्या आणि सरणाच्या लाकडांचे हिशेब तपासून गायब माणसांचा माग काढला, आणि ६ सप्टेंबर १९९५ रोजी त्यांनाच उचलून नेण्यात आले. सीबीआयने नंतर अमृतसर जिल्ह्यातल्या तीन स्मशानांतले २,०९७ बेकायदा अंत्यसंस्कार नोंदवले. महाराष्ट्रात घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणी ताब्यात घेतलेला परभणीचा ख्वाजा युनूस जानेवारी २००३ नंतर कोणाला दिसला नाही. सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या करारावर भारताने २००७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्या फौजदारी कायद्यात हा स्वतंत्र गुन्हाही नाही. ज्या गुन्ह्याला कायद्यात नाव नाही, त्याची फाइल दप्तरी दाखल करणे किती सोपे असेल, याची कल्पना वाचकाने करावी.

म्हणून वाचकाला एक विनंती. अशी कोणतीही हकीकत वाचताना गुन्हा कसा घडला यावरच नजर खिळू देऊ नका. क्रौर्याचे तपशील मनाला पकडून ठेवतात आणि मारेकरी राक्षस होता, असा सोपा निष्कर्ष हाती देऊन जातात. प्रत्येक प्रकरणात तपास ज्या दिवशी थांबला तो दिवस शोधा. त्या दिवशी काय माहीत होते, काय मुद्दाम विचारले गेले नाही, शेरा काय पडला आणि त्याखाली सही कोणाची होती, हे पाहा. आपल्या आसपास असे एखादे घर असेल तर तिथला जुना अर्ज, पोचपावती, जबाबाची प्रत आणि फोटो नीट जपायला त्यांना मदत करा. न्यायालयाच्या दप्तरातून गेलेली प्रत कधी कधी घरातल्या खणातच उरते, आणि पुढचा खटला तिच्यावरच उभा राहतो.